आई विचारते, "किती हललं?"

पाटणला आमच्या जुन्या घरात, माजघराच्या ज्या कोपऱ्यात पूर्वी कणगी असायची, तिथली फरशी काढून खालच्या कातळावर मी एक जिओफोन बसवला आहे. अंगठ्याहून थोडा जाड, काळी डबी. आत एक लोहचुंबक आणि नाजूक स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की चुंबक हलतं, वेटोळं मागे राहतं आणि तारेत इवलासा व्होल्टेज तयार होतो. तो वाढवून सेकंदाला शंभर वेळा मोजायचा आणि साठवायचा. काम एवढंच.

बसवला तो आईमुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ६.३ रिश्टर, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. "आधी जमिनीतनं आवाज आला गं, मग हललं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या भागातली जमीन नंतरही कधी पूर्ण शांत झाली नाही. वर्षभर बारीकसारीक धक्के येतच असतात. धक्का बसला की आई साताऱ्याला मला फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, "किती हललं?"

बातम्यांत येतं ते रिश्टरचं माप. ते भूकंपाचं माप झालं. आईला हवं असतं ते तिच्या पायाखालचं, या घरातलं माप. जमीन किती वेगानं हलली, किती सरकली. माझ्या फाइलमध्ये तर व्होल्टेजसुद्धा नसतो, नुसते आकडे असतात, ४१२, उणे ९८७ असे. त्या आकड्यांवरून जमिनीपर्यंत जायची वाट म्हणजे ट्रान्सफर फंक्शन. ही वाट मी कशी बांधली आणि कुठे चुकले, ते लिहिते. माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, 'कंट्रोल सिस्टिम' विषयात पोल-झिरो शिकते आहे. पेपरात सोडवता येतात पण डोळ्यांसमोर काही येत नाही म्हणते. हे मुख्यतः तिच्यासाठी.

सुरुवात झिरोपासून करू. झिरो म्हणजे जिथे यंत्राचं उत्तर शून्य होतं ती जागा, एका आलेखावर मांडलेली. त्या आलेखाच्या उभ्या अक्षावर वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती वेळा हललं ते. समजा जमीन अगदी सावकाश हलते आहे. मग वेटोळंही तिच्यासोबत निवांत जातं, मागे राहत नाही. चुंबक आणि वेटोळं यांच्यात हालचालच नाही, म्हणून व्होल्टेज नाही. म्हणजे शून्य वारंवारतेला उत्तर शून्य, आणि म्हणून आलेखाच्या मध्यबिंदूवर एक झिरो आला. पण तिथे एक नसून दोन झिरो आहेत. हे दोन का, ते मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. कारण सोपं आहे. सावकाश हालचालीत स्प्रिंग किती ताणली जाईल, हे जमिनीच्या प्रवेगावर ठरतं. व्होल्टेज मात्र स्प्रिंग किती ताणली यावर अवलंबून नसतो, ती किती वेगानं ताणली जाते यावर असतो. वेगापासून प्रवेग ही एक पायरी, प्रवेगापासून त्याच्या बदलाचा दर ही दुसरी. दोन पायऱ्या, म्हणून दोन झिरो. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे मी याच ठिकाणी आपटले आहे.

आता पोल. पोल म्हणजे ती डबी स्वतः होऊन कशी वाजते त्याचा पत्ता. घंटेला एकदा टोल द्या आणि हात काढून घ्या. ती किती भरभर थरथरते आणि किती लवकर विझते, हे दोन आकडे म्हणजे तिचा पोल. थरथरण्याचा आकडा उभ्या अक्षावर, विझण्याचा आडव्या अक्षावर डाव्या हाताला. उजव्या हाताला पोल गेला तर घंटा विझण्याऐवजी वाढत जाईल. टांगलेल्या वेटोळ्याच्या बाबतीत ते शक्यच नाही.

जिओफोनसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, ४.५ हर्ट्झ, डॅम्पिंग (थरथर किती दाबली जाते ते) ०.५६, संवेदनशीलता एका मीटर प्रति सेकंदाला २८.८ व्होल्ट. बहुतेक जण हे आकडे उचलून थेट गणित करतात. मला ते पटत नाही. कागदावरचे आकडे कारखान्यातल्या सगळ्या डब्यांचे मिळून असतात, आणि त्यात थोडाफार फरक पडणार हेही त्याच कागदावर छापलेलं असतं. माझ्या कोपऱ्यातल्या या एका डबीचे पोल मला हवे होते. ते काढायला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो.

सेल आणि वेटोळं यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला. तारेतून १५ मायक्रोअँपिअर करंट गेला आणि वेटोळं एका बाजूला जरासं सरकून तिथंच थांबलं. किती सरकलं? हिशेबानं मिलिमीटरचा विसावा हिस्सा. मग वायर झटकन काढली. सुटलेलं वेटोळं परत आलं, थोडं पलीकडे गेलं आणि शांत झालं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक उंच शिखर आणि त्यामागे उलट्या बाजूला एक छोटी दरी दिसली. शिखर २०.५ मिलिव्होल्ट, दरी २.२५. दोन्हींत अंतर ०.१३९ सेकंदांचं. आठ-दहा वेळा करून पाहिलं, आकडे फारसे हलले नाहीत.

आता यातून पोल काढायला पुस्तकातली मोठी सूत्रं लागत नाहीत, आणि मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. शिखर दरीच्या ९.१ पट आहे. ९.१ चा नैसर्गिक लॉग २.२१. त्याला ०.१३९ नं भागलं की १५.९. हा विझण्याचा वेग. शिखर ते दरी म्हणजे अर्धा फेरा, म्हणून ३.१४१६ भागिले ०.१३९, म्हणजे २२.६. हा थरथरण्याचा वेग. झालं. पोल आहेत उणे १५.९ अधिक २२.६ जे, आणि उणे १५.९ वजा २२.६ जे. ('जे' ही उभ्या अक्षावरच्या आकड्याची खूण.) मध्यबिंदूपासून त्यांचं अंतर मोजलं तर २७.६ येतं, त्याला ६.२८ नं (एका पूर्ण फेऱ्यातले रेडियन) भागलं की ४.४ हर्ट्झ. १५.९ ला २७.६ नं भागलं की डॅम्पिंग, ०.५७५. कागदाशी जवळपास जुळतं, पण तंतोतंत नाही. ही माझी डबी.

डॅम्पिंग ०.७०७ ला आणलं की यंत्राच्या उत्तराचा आलेख सपाट येतो, कुठे उंचवटा राहत नाही. त्यासाठी वेटोळ्याला समांतर एक रेझिस्टर जोडतात. वेटोळं हललं की त्यातून करंट वाहतो आणि तोच करंट त्याला ब्रेक लावतो. हिशेब केला तर माझ्या डबीला जवळजवळ १० किलोओहम बरोबर बसत होता, तो घरात होताच. जोडला आणि सेलची चाचणी पुन्हा केली. या वेळी दरी शिखराच्या तेविसाव्या हिश्श्याएवढी यायला हवी होती, म्हणजे एक मिलिव्होल्टच्याही आत. ती नॉइजमध्ये, म्हणजे सर्किटच्या खरखरीत, बुडता बुडता दिसली. नवे पोल उणे १९.५ अधिक-उणे १९.५ जे. आडवं आणि उभं अंतर सारखं, म्हणजे बरोबर पंचेचाळीस अंशांच्या रेषेवर. एक सूक्ष्म गोष्ट इथे निसटते. वेटोळ्याचा स्वतःचा ३७५ ओहमचा रोध आणि हा १० किलोओहम मिळून व्होल्टेजची विभागणी होते. त्यामुळे २८.८ नाही, २७.८ धरायचे. साडेतीन टक्क्यांचा फरक आहे, पण माहीत असताना सोडायचा कशाला?

आता फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठल्या वारंवारतेला यंत्र किती उत्तर देतं ते. इथे भाचीनं लॅपटॉप उघडला. पायथन या संगणकाच्या भाषेत, तिच्या साय-पाय या गणिताच्या संचात, 'फ्रेक्स झेडपीके' नावाचं फंक्शन आहे. त्याला झिरो, पोल आणि एक गुणक द्यायचा, ते आलेख हातात ठेवतं. मी म्हटलं, थांब, आधी आलेखाची वही आण.

"मावशी, दोन ओळींचं काम आहे."

"दोन ओळी नंतर. आधी पट्टी."

एक सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ४ रेडियन अशी मोजपट्टी घेतली. मध्यबिंदूवर दोन झिरोंसाठी एकात एक दोन गोल काढले. डावीकडे ४.९ सेंटिमीटर आणि वर-खाली तेवढ्याच अंतरावर दोन फुल्या, हे पोल. आता आपल्याला १ हर्ट्झचं उत्तर हवंय. १ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६.२८ रेडियन, म्हणून उभ्या अक्षावर वर १.५७ सेंटिमीटरवर टिंब दिलं. त्या टिंबापासून चारही खुणांपर्यंतची अंतरं भाचीनं पट्टीनं मोजली. झिरोंपासून १.५७ आणि १.५७. वरच्या पोलपासून ५.९, खालच्यापासून ८.१. झिरोंची अंतरं गुणायची, पोलच्या अंतरांनी भागायचं. २.४६ भागिले ४७.८, म्हणजे ०.०५१.

मग लॅपटॉपवर चालवलं. ०.०५१८.

ती वहीकडे बघत राहिली. एवढ्या साध्या मोजणीत दुसऱ्या अंकापर्यंत उत्तर जुळलं होतं. मग तिनं स्वतःहून टिंब वर सरकवलं, १० हर्ट्झला, १५.७ सेंटिमीटरवर. पान पुरेना म्हणून वर दुसरं पान चिकटवलं. पोलपासूनची अंतरं ११.९ आणि २१.२ आली. उत्तर ०.९८. तेव्हा ती स्वतः म्हणाली, "म्हणजे टिंब लांब गेलं की पोल काय नि झिरो काय, सगळेच सारख्या अंतरावर. म्हणून एक." नेमकं हेच. वरच्या वारंवारतेला आलेख सपाट का होतो, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

फेज, म्हणजे उत्तर जमिनीच्या हालचालीच्या किती पुढे-मागे पडतं ते, तीही तिथेच मिळते. प्रत्येक खुणेपासून टिंबाकडे जाणाऱ्या रेषेचा कोन कोनमापकानं मोजायचा, झिरोंचे मिळवायचे, पोलचे वजा करायचे. १ हर्ट्झला दोन झिरोंचे ९० नि ९०, वरच्या पोलचा उणे ३४, खालच्याचा ५३. म्हणजे १८० मधून १९ गेले, १६१ अंश. पूर्वीच्या अभियंत्यांना हे असंच करावं लागे. वॉल्टर इव्हान्स या अभियंत्यानं १९४८ मध्ये रूट लोकसची, म्हणजे सिस्टिमचा गुणक बदलत गेला की पोल कुठे सरकतात ते काढायची, पद्धत मांडली. कोन मिळवायला आणि अंतरं गुणायला त्यांनी 'स्पायरूल' नावाची प्लॅस्टिकची फिरती पट्टीच बनवली होती. आपल्याकडे कोनमापक आणि कॅल्क्युलेटर आहे, तेवढं पुरे.

याच वहीत एक गोष्ट तपासून पाहिली. ती प्रत्येकानं पाहावी असं मला मनापासून वाटतं. दोन्ही पोल उचलून उजवीकडे ठेवा, उणे १९.५ ऐवजी अधिक १९.५. आता अंतरं मोजा. सगळी तीच येतात! उभा अक्ष आरशासारखा मध्ये आहे, डावीकडची खूण उजवीकडे गेली तरी टिंबापासूनचं अंतर बदलत नाही. म्हणजे फाइलमध्ये उणे चिन्ह टाकायचं राहिलं तर मॅग्निट्यूडचा, म्हणजे उत्तराच्या उंचीचा, आलेख अगदी बरोबर दिसतो. बघणाऱ्याला शंका येणार नाही. फक्त फेज उलटी पडते आणि धक्क्याची लाट आली त्याच्या आधीच हलल्यासारखी दिसते. म्हणून नुसत्या मॅग्निट्यूडवर विश्वास टाकून रिस्पॉन्स बरोबर आहे असं मी कधीच म्हणत नाही. फेज सोबत काढतेच.

जिओफोनच्या पुढे माझं सर्किट आहे, त्याचेही पोल-झिरो या यादीत येतात. अँप्लिफायरच्या दारात १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगाओहम आहे. गुणाकार १ सेकंद, म्हणून उणे १ वर एक पोल आणि मध्यबिंदूवर आणखी एक झिरो. मागच्या बाजूला वरच्या वारंवारता रोखायला १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड आहे. गुणाकार ०.०१ सेकंद, म्हणून पोल उणे १०० वर, झिरो नाही. याद्या एकापुढे एक जोडत जायच्या, एवढंच. या मॉडेलची सगळ्यात मोठी सोय हीच. उद्या एक भाग बदलला तर त्याच्या खुणा खोडून नव्या मांडायच्या, बाकीचं तसंच राहतं.

या शेवटच्या पोलनं मात्र एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्याच्यासोबत झिरो नाही, त्यामुळे नुसत्या अंतरांनी भागलं तर उत्तर शंभर पटीनं लहान येतं. म्हणून वर १०० नं गुणायला लागतं. पोल आणि झिरो आकार सांगतात, उंची सांगत नाहीत. उंचीसाठी तिसरा आकडा लागतो, आणि फाइलमध्ये तोच सगळ्यात दुर्लक्षित असतो. भूकंपमापकांच्या फाइलींत तो एका ठरावीक वारंवारतेला उत्तर १ यावं असा काढलेला असतो. पोल हर्ट्झमध्ये आहेत की रेडियनमध्ये, यावरही तो बदलतो. हर्ट्झमधले पोल रेडियनमध्ये नेताना प्रत्येक खूण ६.२८ नं गुणायची. आणि पोल झिरोंपेक्षा जितके जास्त, तितक्या वेळा त्या आकड्यालाही ६.२८ नं गुणायचं. पोल-झिरोंची संख्या सारखी असेल तर तो बदलत नाही. मघाशी वहीवर सेंटिमीटरमध्ये मोजूनही उत्तर बरोबर आलं, ते त्यामुळेच.

आणि यादी यादीच राहू द्या. कंस गुणून मोठी बहुपदी करायचा मोह होतो, कारण पुस्तकात तशीच छापलेली असते. दोन-चार पोल असतील तर काही बिघडत नाही. वीस पोल झाले की संगणकाचे शेवटचे अंक अपुरे पडतात. गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे. १ ते २० हीच मुळं असलेली बहुपदी घेतली, तिच्यातला उणे २१० हा एकच सहगुणक २ च्या उणे २३ व्या घाताएवढा, म्हणजे एकाच्या सुमारे ८४ लाखाव्या हिश्श्याएवढा, बदलला, तर वीसपैकी दहा मुळं वास्तव संख्या राहतच नाहीत. अंतरं मोजायच्या पद्धतीत ही भानगडच येत नाही.

आता माझी चूक. सगळी साखळी बांधून झाली होती. त्याच आठवड्यात रात्री एक बारीक धक्का आला आणि माझ्या यंत्रानं तो छान टिपला. पडताळा म्हणून एका कायमस्वरूपी केंद्राची त्याच धक्क्याची नोंद मिळाली, सोबत त्यांच्या यंत्राची पोल-झिरो फाइलही. ते ब्रॉडबँड यंत्र, म्हणजे सावकाश ते भरभर सगळी हालचाल टिपणारं. दोन्ही नोंदींतून आपापला रिस्पॉन्स भागून काढून टाकला की दोन्हींत जमिनीचा वेग उरायला हवा. अंतरामुळे थोडा फरक पडेल, पण आकडे एकाच पट्टीत हवेत.

माझे आकडे कितीतरी मोठे आले. मी आधी स्वतःकडेच दोष घेतला. रेझिस्टर काढून मोजला. सेलची चाचणी पुन्हा केली. अँप्लिफायरचा गेन (तो किती पट वाढवतो ते) तपासला, फरशीखालचं सिमेंट सुटलंय का ते पाहिलं. दोन रविवार त्यात गेले. तिसऱ्या रविवारी आईच्या हातचा चहा घेत मी दोन नोंदींचं गुणोत्तर प्रत्येक वारंवारतेला वेगळं काढून वहीत लिहीत बसले. १ हर्ट्झला सुमारे ६. २ हर्ट्झला १२.६. ५ हर्ट्झला ३१ च्या आसपास. १२.६ लिहिलं आणि पेन थांबलं. १२.६ म्हणजे २ गुणिले ६.२८. ३१.४ म्हणजे ५ गुणिले ६.२८.

त्यांच्या फाइलमध्ये मध्यबिंदूवर तीन झिरो होते. माझ्या जिओफोनचे, मघाशी सांगितलं तसे, दोन; अँप्लिफायरच्या कपॅसिटरचा झिरो वेगळा, तो इथे धरायचा नाही. वर सांगितलेल्या पायऱ्या आठवा. वेगापासून मोजलं तर दोन पायऱ्या. स्थानापासून मोजलं तर आणखी एक पायरी, म्हणून तीन झिरो. सॅक नावाचा भूकंपशास्त्रातला जुना प्रोग्रॅम आहे, त्याच्या पोल-झिरो फाइली जमिनीच्या स्थानावरून नोंदीतल्या आकड्यांकडे जाणाऱ्या असतात, वेगावरून नाही. फाइल बरोबर होती, यंत्र बरोबर होतं, माझंही बरोबर होतं. मी त्यांच्या नोंदीतून स्थान काढत होते आणि त्याला वेग म्हणत होते. एक झिरो खोडला, पुन्हा चालवलं. १ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही रेषा हातात हात घालून चालायला लागल्या.

तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की मी सगळ्यात आधी मध्यबिंदूवरचे झिरो मोजते.

त्या ब्रॉडबँडचं चित्रही भाचीला दाखवलं. त्या जातीतलं एक नावाजलेलं यंत्र म्हणजे एसटीएस-२. त्याचा नैसर्गिक काळ १२० सेकंदांचा, पोल उणे ०.०३७ अधिक-उणे ०.०३७ जे. तेच पंचेचाळीस अंशांचं चित्र, फक्त मध्यबिंदूच्या पाचशे पट जवळ सरकलेलं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की लाटांची जी धडधड जमिनीतून आत येते, पाच-आठ सेकंदांच्या आवर्तनाची, ती त्या यंत्राला स्वच्छ दिसते. माझ्या डबीला तिथं हजारात एक भाग ऐकू येतो. रिस्पॉन्सनं भागून ती परत मिळवता येईल असं कुणाला वाटेल, पण तसं होत नाही. ०.१ हर्ट्झला नुसत्या जिओफोनसाठीच जवळपास दोन हजारनं गुणावं लागतं, आणि त्यात अँप्लिफायरची खरखरही दोन हजार पट होते. म्हणून ०.५ हर्ट्झच्या खाली मी माझी नोंद वाचत नाही. पोल जिथे आहेत तिथून फार दूर खाली जायचं नाही, ही त्या डबीची मर्यादा आहे. कोयनेच्या जवळच्या उथळ, लहान धक्क्यांची मुख्य थरथर त्याच्या बरीच वर असते, म्हणून माझं काम अडत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एक धक्का आला. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. आईचा फोन पाच मिनिटांत आला. मी म्हटलं, थांब, काढते. फाइल उतरवली. नुसता अँप्लिफायरचा गेन भागून टाकला तर सर्वांत मोठं शिखर १२ मिलिव्होल्टचं, ८ हर्ट्झच्या आसपासचं. ८ हर्ट्झला माझ्या साखळीचा रिस्पॉन्स ०.८५५ आहे. जिओफोनचा ०.९५७, मागच्या रोखणाऱ्या पोलचा ०.८९, दाराजवळच्या कपॅसिटरचा जवळजवळ १. बारा मिलिव्होल्टला २७.८ आणि ०.८५५ नं भागलं की सेकंदाला अर्धा मिलिमीटर. ही जमिनीची गती. ८ हर्ट्झच्या ५० रेडियननं भागलं की सरकणं, मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. तेवढ्यानंच गुणलं की प्रवेग, गुरुत्वाकर्षणाच्या पाव टक्क्याएवढा.

"मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा हललं, आई."

"एवढंसंच? फळीवरची भांडी वाजली की!"

"वाजतीलच. सेकंदाला आठ वेळा हललं ना."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि तेव्हा?"

तेव्हाचं माप आपल्याकडे आहे. कोयना धरणात बसवलेल्या यंत्रानं १९६७ च्या त्या पहाटे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट प्रवेग नोंदवला होता. जगभरचे धरणांचे अभियंते आजही आपलं गणित त्या नोंदीवर तपासून पाहतात. धरणातली जागा आणि आमचं माजघर एक नव्हे, हे मी तिला सांगितलं. तरी तुलनाच करायची तर त्या पहाटेचं माप आजच्यापेक्षा अडीचशे पटींनी मोठं.

"अडीचशे," आई म्हणाली, आणि फोनवरूनच बाबांना हाक मारून तिनं तो आकडा त्यांना सांगितला.

कोपऱ्यातल्या भिंतीवर, जिओफोनच्या बरोबर वर, मी पेन्सिलनं पोल लिहून ठेवले आहेत, चाचणीच्या तारखेसह. उणे १९.५ अधिक-उणे १९.५. खाली रिकामी जागा सोडली आहे. मे महिन्यात भाची सुट्टीला येईल तेव्हा सेल घेऊन चाचणी पुन्हा करायची आहे. दरी अजून तेविसाव्या हिश्श्याएवढीच येते का, ते या वेळी ती मोजणार आहे.